सुईणीच्या हातावर पाणी

आमच्या वाचनगृहात लाकडाची मोठी शेगडी आहे आणि ती चांगली धगधगते. तरी त्या हिवाळ्यात वेनेता कोट घालूनच टेबलाशी बसायची. कोट तिचा नव्हता, नवऱ्याचा होता. तपकिरी, ढगळ, गुडघ्याखाली लोंबणारा. डिसेंबर सरला, नवं वर्ष लागलं, कोट काही अंगावरून उतरेना. आम्ही बायका पुस्तक बदलायला जायचो आणि पुस्तकापेक्षा कोटाचीच चर्चा जास्त करायचो. कुणी म्हणे, हिच्या हाडांत थंडी भरलीय. कुणी म्हणे, सुटलीय, म्हणून झाकते. थेट विचारलं मात्र एकीनंही नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावायची आपल्याला भारी हौस, पण दार वाजवून विचारायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते.

वेनेताचं वय चव्वेचाळीस. पुस्तकं देणं-घेणं, सणांची तयारी करणं आणि गावात कुणी गेलं की चौकातल्या फळ्यावर लावायचा कागद टाइप करणं, ही तिची कामं. गावात म्हातारी माणसं उदंड, त्यामुळे तिसऱ्या कामाला खंड नव्हता. नवरा ल्युबेन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. घरात सासू, स्तांकाबाई. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

आणि त्या कोटाखाली सातवा महिना होता.

हे घरातल्या तिघांखेरीज गावात कुणाला ठाऊक नव्हतं. लपवण्यामागे कारणही तसंच होतं. याआधी वेनेताला दोनदा दिवस गेले होते. पहिल्यांदा स्तांकाबाईंनी आनंदाच्या भरात दुसऱ्याच महिन्यात सगळ्या आळीला अक्रोडाचा केक वाटला. आठवड्याभरात सगळं संपलं. दुसऱ्यांदा फक्त स्वतःच्या बहिणीच्या कानात सांगितलं, तरी तेच झालं. तेव्हापासून बाईंच्या मनानं घेतलं की बोललं की नजर लागते आणि नजर लागली की मूल जातं. यात दुष्टपणा तिळभरही नव्हता. सुनेवर त्यांचा इतका जीव, की कोंबडी शिजली की काळीज आधी तिच्या ताटात पडायचं. पण आपल्या माणसाचं वाईट आपण पुष्कळदा प्रेमापोटीच करतो.

डॉक्टरकडे वेनेता एकदाच गेली होती, तिसऱ्या महिन्यात, एकटी, बसनं, जिल्ह्याच्या दवाखान्यात. बाकावर विशी-पंचविशीच्या पोरी बसल्या होत्या. दाराशी उभी असलेली नर्स तिच्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर थांबा, मुलीला आत पाठवा." बाकावर खसखस पिकली. आत डॉक्टर भले होते. त्यांनी तपासलं, चांगला पानभर कागद लिहून दिला, समजावून सांगितलं. पण वेनेता आत होतीच कुठे? तिचं मन बाहेरच्या बाकाशीच अडकलं होतं. घरी येऊन तिनं सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणाले. कागद तिनं वाचनगृहातल्या मधमाशीपालनाच्या पुस्तकात ठेवून दिला, कारण ते पुस्तक अकरा वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. पुन्हा ती त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

मग स्तांकाबाईंची शुश्रूषा सुरू झाली. मनगटाला लाल दोरा, खिशात लसणाची पाकळी आणि बाळाला ताकद यावी म्हणून रोज सकाळी पेलाभर खारवलेल्या कोबीचं पाणी. जानेवारी लागला तसं वेनेताचं डोकं दुखायला लागलं. पाय इतके सुजले, की ल्युबेनचे बूट घालावे लागले. लग्नातली अंगठी साबण लावून कशीबशी काढली आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाई सुजायचीच, ल्युबेनच्या वेळी माझ्या पायांचे तर खांब झाले होते. ते खोटं नव्हतं. फक्त तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या, एवढं सांगायचं राहिलं.

एकवीस जानेवारीला आमच्याकडे बाबिनदेन असतो, म्हणजे सुईणीचा सण. आमच्या सुईणीचं नाव गेना आजी, वय अठ्ठ्याहत्तर. अर्धं गाव तिच्या हातात पहिल्यांदा रडलं, त्यात ल्युबेनही आला. गावचं प्रसूतिगृह बंद होऊन बावीस वर्षं झाली, पण सण काही आम्ही सोडला नाही. आजीला खुर्चीत बसवायचं, गळ्यात वाळलेल्या लाल मिरच्यांची आणि लाह्यांची माळ घालायची. मग एकेकीनं तांब्याच्या झारीनं तिच्या हातांवर पाणी ओतायचं, साबण द्यायचा, नवा टॉवेल द्यायचा. जमिनीवर सांडलेल्या पाण्यावरून उडी मारायची आणि म्हणायचं, अशीच घरात पोरं उड्या मारोत. नंतर राकिया म्हणजे आमची फळांची कडक दारू, अकॉर्डियन आणि पुरुषांच्या कानावर जाऊ नयेत असे विनोद. त्या दिवशी वाचनगृहाच्या सभागृहात पुरुषाला बंदी. चुकून आलाच, तर त्याची टोपी जप्त, आणि वाइनची बाटली दिल्याशिवाय परत नाही. अलीकडे आम्हीच म्हाताऱ्या झालो, म्हणून आजी पिशवीत रक्तदाबाचं यंत्रही आणते. सण सुईणीचा आणि गप्पा गुडघ्यांच्या, अशी आमची गत.

वेनेता दरवर्षी सगळी मांडामांड करायची, पण पाणी कधी ओतायची नाही. ज्यांच्या पदरात मूल नाही त्यांना तर आम्ही मुद्दाम पुढे ढकलतो, म्हणूनच ती पाण्याच्या वेळी कपबशा धुवायला निघून जायची. त्या वर्षी तिनंच सासूला सांगितलं, मला पाणी ओतायचंय. कुणाला काही सांगणार नाही, नुसता आशीर्वाद घेते. स्तांकाबाईंनी बराच विचार केला. सुईणीचा आशीर्वाद चुकवणंही बरं नव्हे. त्या म्हणाल्या, ओत, पण कोट काढू नकोस.

वेनेता झारी घेऊन रांगेत आली तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. आजीनं ओंजळ पुढे केली. वेनेतानं झारी वाकडी केली आणि पाणी ओंजळीपासून वीतभर अंतरावर, थेट आजीच्या मांडीवर पडलं. सभागृहात हशा उसळला. "सकाळपासूनच लावलीय वाटतं," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी कशाला, मीच म्हणाले ते. वेनेतानं ओशाळून पुन्हा ओतलं. पुन्हा बाजूला. आम्ही पोट धरधरून हसत होतो. आजी हसत नव्हती. ती पाण्याकडे बघतच नव्हती, झारी धरलेल्या हाताकडे बघत होती.

तिनं झारी काढून घेऊन खाली ठेवली. वेनेताचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याच्या पाठीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. आम्ही टाळ्या पिटत ओरडत होतो, उडी मार, उडी मार.

"उडी नाही मारायची," आजी म्हणाली.

आवाज चढवला नव्हता, पण अकॉर्डियन वाजवणारीचे हात थांबले.

"माझे हात तुला किती दिसतायत?" आजीनं विचारलं.

"चार," वेनेता म्हणाली.

"आणि महिना कितवा?"

वेनेतानं सासूकडे बघितलं. स्तांकाबाई लगबगीनं पुढे आल्या. "कसला महिना, गेनाताई, काहीतरीच तुमचं."

"तुला नाही विचारलं, स्तांका."

"सातवा," वेनेता म्हणाली, आणि जवळच्या खुर्चीत मटकन बसली.

 आजीनं पिशवीतलं यंत्र काढलं, कोटाची बाही वर सारली, एकदा मोजलं, परत मोजलं. वर एकशेऐंशी, खाली एकशेपंधरा. मग डॉक्टरचा कागद कुठाय म्हणून विचारलं. वेनेतानं पुस्तकांच्या कपाटाकडे बोट केलं आणि मधमाश्यांच्या पुस्तकातून तो कागद निघाला. आजीनं चष्मा चढवून तो वाचला. दर दोन आठवड्यांनी दाब बघायचा, लघवी तपासायची, बाळाच्या तपासण्या करायच्या, मीठ बेतानं, सूज आली किंवा डोकं दुखलं तर त्याच दिवशी यायचं. सगळं चार महिन्यांपूर्वीच लिहून दिलेलं होतं. पुन्हा का गेली नाहीस म्हणून विचारल्यावर वेनेतानं खाली मान घालून त्या नर्सची आणि बाकावरच्या हशाची गोष्ट सांगितली.  पाच मिनिटांपूर्वी आम्ही वेगळं काय केलं होतं?

आजी म्हणाली, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. बर्फातून रुग्णवाहिका यायला तास लागेल, ल्युबेनलाच गाडी काढायला सांगा. स्तांकाबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"असं गावादेखत नको, गेनाताई. अंधार पडू दे, मग गुपचूप नेऊ. आता सगळ्यांना कळलं, नजर लागली तर? दोनदा गेलंय. तिसऱ्यांदा माझ्याच्यानं सोसवायचं नाही."

आजी खुर्चीतून उठली. गळ्यातल्या मिरच्या खुळखुळल्या.

"स्तांका, चौतीस वर्षं मी बाळंतपणं केली. नजरेनं गेलेलं मूल एक दाखव मला. लाजेनं गेलेली मी दाखवते. त्यातलं एक तर माझ्याच जिभेनं गेलं."

आणि मग तिनं सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी एक बाई तिच्याकडे आली होती, एक्केचाळीस वर्षांची, पहिलटकरीण. आजी दोन रात्रींची जागी होती, वैतागलेली होती. तोंडातून निघून गेलं, या वयात हे काय सुचलं तुला, लोक हसतील. बाई हसली आणि निघून गेली. पुन्हा तपासायला म्हणून आली नाही. आठव्या महिन्यात आणली ती झटके येत असताना. ती वाचली नाही, मूलही नाही. पुढल्या वर्षी याच सणाला तिची आई आली आणि आजीच्या हातात टॉवेल ठेवून म्हणाली, तू खूप धडपडलीस.

"त्या माउलीला ठाऊक नव्हतं मी काय बोलले होते ते," आजी म्हणाली. "तो टॉवेल अजून माझ्या पेटीत घडी केलेला आहे. एकदाही हात पुसले नाहीत मी त्याला."

मग ती वेनेताकडे वळली आणि तिच्या गालावर हात ठेवला.

"चाळिशीत आई होणं हा गुन्हा नाही, पोरी. आणि पोरखेळही नाही. या वयात दाब चढतो, साखर वाढते, गर्भ टिकत नाही, टिकला तर बाळ लवकर येतं, पोट चिरावं लागतं. कधी बाळातच काही वेगळं असतं, ते आधी कळलं तर आईबापांना तयारी करता येते. हे सगळं खरंय. म्हणून तर वीस वर्षांच्या पोरीला महिन्यातून एकदा बघतात, तिथं तुला दोनदा बघायचं. तुझ्या वयाच्या ज्या वेळेवर आल्या, त्यातल्या बहुतेक जणी बाळ कुशीत घेऊन घरी गेल्या. कोटाखाली पोट झाकतं, रक्तदाब झाकत नाही."

 मग स्तांकाबाईंनी बाहीनं डोळे पुसले, पाठीमागचं दार सताड उघडलं आणि चौकाकडे तोंड करून, सात महिने गिळलेलं सगळं एका दमात ओरडल्या,

"ल्युबेन! गाडी काढ! तुझी बायको बाळंत व्हायचीय!"

अख्ख्या चौकानं ऐकलं. पाव घेऊन चाललेला माणूस जागीच थांबला. ल्युबेन धावत थेट सभागृहात घुसला आणि आमच्यातल्या एकीनं सवयीनं त्याची टोपी ओढली. मग तिलाच कसंसं झालं आणि तिनं ती परत त्याच्या डोक्यावर नीट बसवून दिली. आम्ही आमच्या शाली गाडीत अंथरल्या आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून वेनेताला आत बसवलं.

स्तांकाबाई आणि गेना आजी सोबत गेल्या, आजी तर गळ्यातल्या मिरच्यांच्या माळेसकट. काढायचं कुणाला सुचलंच नाही. दवाखान्यात तेच दार, तोच बाक, तीच नर्स. समोर तीन बायका उभ्या, अठ्ठ्याहत्तर, सहासष्ट आणि चव्वेचाळीस वर्षांच्या. नर्सनं विचारलं, पेशंट कोण? आजी म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस बाई, माझं झालंय."

वेनेतानं कोटाची बटणं काढली. कोट सासूच्या हातात दिला आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी. वय चव्वेचाळीस. एकतिसावा आठवडा. मीच आई होणार आहे."

कुणी हसलं नाही. नर्सनं चाकाची खुर्ची पुढे केली आणि तिचा हात धरून तिला बसवलं. आपण पूर्वी काय बोललो होतो हे त्या पोरीला बहुधा आठवतही नसेल. बोलणारा विसरून जातो, ऐकणाऱ्याच्या मनात ते घर करून बसतं.

डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन दिवस घरी काढले असते, तर दोघांपैकी कुणाचीच खात्री देता आली नसती. औषधांनी दाब आठ दिवस रोखून धरला, तेवढ्या वेळात बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. नवव्या दिवशी पोट चिरून मुलगी काढली. नेवेना. वजन एक हजार पाचशे ऐंशी ग्रॅम. लगेच काचेच्या पेटीत. वेनेताचा दाब उतरायला दोन आठवडे लागले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता जन्मभर तो तपासत राहावा लागेल. फुकट काहीच मिळालं नाही, पण दोघी जगल्या.

आणि स्तांकाबाईंनी काय केलं असेल? वेनेता दवाखान्यात, तेव्हा वाचनगृहाची किल्ली त्यांच्याकडे. त्या चौकातल्या फळ्यापाशी गेल्या, जिथं गेलेल्यांचे कागद लागतात, आणि मधोमध एक पांढरा कागद चिकटवला. त्यावर खडूएवढ्या जाड अक्षरांत लिहिलं, नेवेना, १५८०. चौथ्या दिवशी आकडा १४९० झाला आणि साऱ्या गावाचा घास घशाखाली उतरेना. आजीनं चौकात उभं राहून समजावलं, पहिले काही दिवस बाळं थोडी उतरतातच. मग १५३०, १६००, १७१०. बस आली की ड्रायव्हर खिडकीतून आकडा विचारायचा. मी एकदा छेडलंच, म्हटलं, स्तांकाबाई, नजरेचं काय? त्या म्हणाल्या, अगं, सगळ्या गावानं बघितलं की नजर वाटली जाते, एकाच्या वाट्याला चिमूटभरच येते.

एक मार्चला, गावभर मनगटांना वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे बांधलेले असताना, नेवेना घरी आली. दोन हजार तीनशे ग्रॅम. त्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहिलं होतं, घरी.

मंडळी, तुमच्या गावात आमचा सण नसेल, मिरच्यांची माळ नसेल, पण कुणीतरी वेनेता असेलच. तिचं वय मोजायला डॉक्टर आहेत, आपण मोजायची गरज नाही. उशिरा आई होणाऱ्या बाईला घाबरवू नका, आणि सगळं आपोआप नीट होतं असं सांगून गाफीलही ठेवू नका. तिला वेळेवर तपासणीला न्या, जमलं तर बाकावर तिच्या शेजारी बसा. आणि हसू आलंच, तर ते गिळा. माझं मला गिळता आलं नाही, म्हणून सांगते.

यंदाच्या बाबिनदेनला रांगेत पहिली आली ती बेकरीवाल्या दोच्काची लेक, एकोणचाळीस वर्षांची. झारी उचलण्याआधी तिनं सगळ्यांदेखत बाही वर केली आणि म्हणाली, आजी, आधी माझा दाब बघ, चौथा महिना आहे. आम्ही तिला बसायला खुर्ची दिली. तिच्यामागे वेनेता, कडेवर नेवेना, अंगात निळा झगा. कोट दाराशी खुंटीला होता. शेगडीची लाकडं आणायला जो बाहेर जातो तो आता तो घालतो. वेनेतानं ओतलेलं पाणी बरोबर ओंजळीत पडलं. तिनं लेकीला घेऊन उडी मारली आणि नेवेना खदखदून हसली.

आजीसमोर नव्या टॉवेलांची चळत होती. तिनं त्यातला एकही उचलला नाही. पिशवीत हात घालून एक जुना टॉवेल काढला, घडीच्या रेघांवर पिवळा पडलेला. तो उलगडला आणि सव्वीस वर्षं जपून ठेवलेल्या त्या टॉवेलाला सावकाश हात पुसले.